आफ्रिकेत बसून युरोपचा वसंत कसा कळणार?

पाइड फ्लायकॅचर हा जेमतेम 12-13 ग्रॅम वजनाचा माशीमार पक्षी. हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि विणीसाठी युरोपातल्या जंगलांत जातो. तिकडे यंदा थंडी लवकर सरली की लांबली, हे त्याला हजारो किलोमीटरवरून कळायला मार्ग नाही. मग निघायचं कधी, हे तो कसं ठरवतो?

मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. 1920च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रोवन यांनी कॅनडातल्या एडमंटनमध्ये जुन्को पक्ष्यांना ऐन हिवाळ्यात बाहेरच्या पिंजऱ्यांत ठेवलं आणि दिवे लावून त्यांचा दिवस थोडाथोडा लांबवत नेला. हाडं गोठवणारी थंडी असूनही नरांची वृषणं वसंतात वाढावीत तशी वाढली. मला सर्वांत थक्क करतं ते पुढचंच. हा उजेड पक्ष्याला डोळ्यांविनाही कळतो. पिसं, कातडी आणि पातळ कवटी यांतून झिरपून तो मेंदूतल्या प्रकाशग्राही पेशींपर्यंत पोचतो. चिमण्यांच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली, तेव्हा मंद उजेडाला मिळणारा हा प्रतिसाद थांबला! शिवाय शरीरात वर्षाचं एक घड्याळ असतंच. कायम 12 तास उजेड आणि 12 तास अंधारात ठेवलेले गार्डन वॉर्बलर पक्षीही स्थलांतराचा हंगाम आला की रात्री पिंजऱ्यात अस्वस्थ होऊन फडफडू लागतात.

निघाल्यावर मात्र हवामानाचं ऐकावं लागतं. पाठीशी वारा असला तर मजल मोठी, समोरून वारा-पाऊस आला की मुक्काम. वाटेत चरबी साठवायला किडे मिळाले नाहीत तर तो मुक्काम आणखी वाढतो. 2011मध्ये आफ्रिकेच्या शिंगात, म्हणजे सोमालिया-इथिओपियाच्या भागात, दुष्काळ पडला, तेव्हा तिथे थांबलेले लाल पाठीचे खाटीक पक्षी युरोपात उशिरा पोचले.

खरी अडचण इथेच आहे. दिवसाची लांबी दरवर्षी तीच, पण वसंत तापमानावर चालतो, आणि तो आता लवकर येतो. ओकला पालवी लवकर फुटते, पालवीवरच्या अळ्याही लवकर येतात आणि थोड्याच आठवड्यांत संपतात. पिल्लांना नेमक्या त्याच अळ्या हव्या असतात. जवळच्या पल्ल्याचे पक्षी ऊब जाणवताच लवकर निघतात. फ्लायकॅचरला ते जमत नाही, म्हणून पोचल्यावर विसावा न घेता तो घाईने घरट्याला लागतो. नेदरलँड्समध्ये ही घाईही अपुरी पडली. जिथे अळ्यांचा बहर सर्वांत आधी येतो, त्या जंगलांत सुमारे दोन दशकांत फ्लायकॅचरची संख्या जवळपास 90 टक्क्यांनी घटल्याचं 2006मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.