आरोग्य कर्नाटक कार्ड: खानापूर, निपाणी, बेळगावकडच्या लोकांनी आधीच काय करून ठेवायचं

आपल्याकडं घरात कुणी सिरियस झालं की आधी गाडी बघतात, मग पैसे, कागद सगळ्यात शेवटी, आणि गरीब माणूस नेमका तिथंच अडकतो. म्हणून घरात सगळे धडधाकट असतानाच हे काम उरकून घ्या.

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना 2018 पासून चालू आहे. बीपीएल किंवा अंत्योदय रेशन कार्ड असेल तर अख्ख्या घराला मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार फुकट. एपीएलवाल्यांना, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना, त्या उपचाराला सरकारनं ठरवलेल्या पॅकेज रेटच्या 30 टक्केच मिळतात, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. रेशन कार्डच नसेल तर एपीएलमध्ये धरतात.

कागद दोनच, आधार आणि रेशन कार्ड. गावात ग्राम वन (Grama One) या सरकारी सेवा केंद्रात नाहीतर सरकारी दवाखान्यात कार्ड काढून मिळतं, आधारला लिंक असलेला मोबाईल सोबत न्या, ओटीपी येतो. खरी भानगड नावाची. आधारवर एक स्पेलिंग, रेशन कार्डावर कन्नडमधून भलतंच, आणि चंदगड-गडहिंग्लजहून लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर, म्हणजे बाळंतपणात काही कमीजास्त झालं तर ती इथल्या कार्डात नाहीच! तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणा आणि इथं नाव चढवून घ्या, हे आधी करा.

दुसरी गोष्ट रेफरल. ठरवून करायचं मोठं ऑपरेशन असेल तर थेट प्रायव्हेटला ॲडमिट होऊ नका, आधी तालुका हॉस्पिटल नाहीतर बेळगावात बिम्सला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, दाखवा, तिथल्या डॉक्टरांचं पत्र घ्या आणि मगच योजनेत असलेल्या हॉस्पिटलात जा. हार्ट अटॅक, ॲक्सिडेंट अशा इमर्जन्सीला पत्र लागत नाही, पण ॲडमिट होतानाच योजनेचं कार्ड आहे म्हणून सांगा.

हॉस्पिटलात योजनेच्या कामात मदत करणारे आरोग्य मित्र असतात त्यांना गाठा. फॉर्म कन्नडमध्ये असला तर सही-अंगठ्याआधी मराठीत समजावून सांगा म्हणायचं, त्यात लाजायचं काय? आपल्या आजी-मावशींना ही लाजच महाग पडते, कशावर अंगठा दिला तेच त्यांना कळत नाही. काही अडलं तर 104 ला फोन लावा.

महाराष्ट्रानं फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांसाठी जाहीर केलीय, ती वेगळी. तुमचं गाव त्या यादीत आहे का बघा, पण तिच्या भरवशावर हे कार्ड काढायचं ठेवू नका.