३८ बघ्यांची गोष्ट खरी किती?

शहरात कुणी कुणाचं नसतं, हे पटवायला एक गोष्ट हमखास सांगितली जाते. न्यूयॉर्कमधल्या क्यू गार्डन्स या निवासी वस्तीत १३ मार्च १९६४ च्या पहाटे किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि म्हणे ३८ शेजारी अर्धा तास खिडकीतून बघत राहिले, पोलिसांना कुणीच कळवलं नाही.

ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पसरवली. मथळ्यात ३७ जण, मजकुरात ३८. गडबड तिथूनच सुरू होते!

हल्ले दोन झाले. पहिला रस्त्यावर. तेव्हा वरून एकाने खडसावलं आणि हल्लेखोर पळाला. तो परत आला तोवर किटी धडपडत इमारतीच्या मागे, जिन्याच्या पायथ्याशी पोचली होती. रस्त्यापलीकडच्या खिडक्यांमधून ती जागा दिसतच नव्हती. बहुतेकांनी फक्त आरडाओरडा ऐकला, तोही झोपेत. सगळेच काही धुतल्या तांदळासारखे नव्हते: एकाने दार किलकिलं करून प्रकार पाहिला आणि गुपचूप लावून घेतलं. पण एक शेजारीण धावत खाली आली, हल्लेखोर अजून तिथेच आहे की काय याचा विचारही न करता, आणि किटीला कवेत घेऊन बसली. मूळ बातमीत तिचा उल्लेखच नाही.

आणि फोनचं म्हणाल, तर ९११ हा आणीबाणीचा क्रमांक तेव्हा नव्हताच. न्यूयॉर्कमध्ये तो १९६८ मध्ये आला.

बातमी सदोष होती हे त्या वर्तमानपत्राने २०१६ मध्ये मान्य केलं. तोवर ३८ हा आकडा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला होता.