सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड: अर्ज नेमका कुठे अडतो

आधी एक घोळ मिटवू. शिबिरात काढून दिलेलं, 14 अंकी नंबरचं आभा कार्ड दाखवून ऑपरेशन मोफत होत नाही. आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) म्हणजे तुमचे रिपोर्ट, औषधाच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड एकत्र जोडणारा क्रमांक. ते कोणाला दाखवायचे, हे तुमच्या संमतीवर. कल्पना चांगलीच आहे. जतच्या पूर्व भागातून मिरजेला आलेल्या पेशंटची फाइल घरी राहिली, तरी जुना ईसीजी डॉक्टरांना दिसावा. अर्थात आधीच्या दवाखान्याने तो चढवला असेल तरच! पण बिल भरतं ते आयुष्मान कार्ड. दोन्हींच्या नावांत ‘आयुष्मान’ आणि दोन्ही आधारवर निघतात, म्हणून म्हातारी माणसं आभा कार्ड लॅमिनेट करून निर्धास्त बसतात आणि ॲडमिट व्हायच्या वेळी तोंडघशी पडतात.

70 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही हे आयुष्मान कार्ड ‘वय वंदना’ नावाने मिळतं. ही सोय 29 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही, पिवळं-केशरी रेशनकार्ड लागत नाही. कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. घरात आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर हे 5 लाख दोघांत मिळून. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर दोन्हींतली एकच योजना निवडावी लागते. खासगी विमा असला तरी हे कार्ड निघतं.

कागद एकच, आधार. आणि सगळं अडतं तेही तिथेच.

पहिलं, वय. ‘सत्तरावं लागलं’ म्हणून लोक येतात. म्हणजे पूर्ण झालेली एकोणसत्तरच. सत्तर पुरी होऊ द्या, मगच या. खरी रड वेगळी आहे. आधार काढताना अनेकांची जन्मतारीख अंदाजाने 1 जानेवारी घातली गेली, शाळेत गेलेल्यांची मास्तरांनी 1 जून लावलेली. पंचाहत्तरीतला माणूस आधारवर अडुसष्टचा निघतो. मतदार कार्डावरचं वय इथे चालत नाही. जन्मतारीख दुरुस्त करता येते, पण साधारणपणे एकदाच, आणि त्यालाही पुरावा हवा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीने जन्माचा दाखला आणायचा कुठून, हे नियम करणाऱ्यांनी एकदा तासगावच्या बाजारात उभं राहून सांगावं. निदान हाती आलेली ती एक दुरुस्ती घाईत वाया घालवू नका. आधी पुरावा हातात, मग अर्ज.

दुसरं, ओटीपी. आधारला जोडलेला नंबर बहुतेकदा पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाचा किंवा केव्हाच बंद पडलेला. नंबर घरबसल्या ऑनलाइन बदलेल या भरवशावर राहू नका. आधार केंद्रावर जा, नाहीतर पोस्टात विचारा. पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमनही हे काम करतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तो मोठा आधार.

तिसरं, अंगठा. हळद आणि उसात जन्म गेलेल्या हातांच्या रेषा मशीनला दिसत नाहीत. केंद्रचालक ‘लागत नाही, नंतर या’ म्हणतो. परत फिरू नका. चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांच्या स्कॅनवरूनही ओळख पटवता येते, ते करायला सांगा. घरच्या मोबाइलवर करायचं तर आयुष्मान ॲपसोबत आधार फेस आरडी हे ॲप लागतं. आजींना उजेडाकडे तोंड करून बसवा.

बाकी सोपं आहे: लाभार्थी पोर्टलवर किंवा ॲपमध्ये लॉगिन, सत्तरीपुढच्यांचा पर्याय, ई-केवायसी (म्हणजे आधारवरून ओळख पटवणं), फोटो, कार्ड डाउनलोड. नोंदणी वर्षभर चालू असते; ‘आज शेवटची तारीख’ असे व्हॉट्सॲप मेसेज पाहून रांगेत चेंगराचेंगरी करू नका. कार्ड मोफत आहे.

सत्तरीच्या आतल्यांनी रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी.

दवाखान्यात गेल्याबरोबर, ॲडमिट होतानाच, आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, कार्ड दाखवा. पैसे भरून नंतर परत मागायची ही योजना नव्हे. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्चही यात बसत नाही. आणि मिरजेला गाडी काढण्याआधी फोन करून नुसतं ‘योजना आहे का’ विचारू नका, तुमच्याच आजारासाठी आहे का ते विचारा. एखादा दवाखाना हाडांच्या ऑपरेशनला योजनेत असतो, हृदयाच्या नसतो. योजनेतल्या दवाखान्यांची यादी 14555 या हेल्पलाइनवरही विचारता येते.