मागे गठ्ठा, पुढे हलकी चाकं

"आज स्टिअरिंग कसं लोण्यासारखं फिरतंय बघ," शेजारचे काका ट्रॅक्टरवरून म्हणाले. डिचोलीकडच्या आमच्या गावात त्यांचा ३५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याला पॉवर स्टिअरिंग नाही. एरवी वळणावर दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. त्या दिवशी मागच्या लिफ्टवर पेंढ्याचा मोठा गोल गठ्ठा होता, आणि तो तीन दिवस पावसात भिजलेला होता. मी म्हटलं, "काका, उतरा आधी. हे चांगलं लक्षण नाही."

पेंढा दाबून गठ्ठे बांधणारं यंत्र म्हणजे बेलर. लहान बेलरमधून निघणारे गठ्ठे माणूस खांद्यावर घेऊन जाऊ शकतो. मोठ्या बेलरच्या गठ्ठ्याची गोष्ट निराळी. दीड मीटर व्यासाचा, १.२ मीटर रुंदीचा गठ्ठा म्हणजे दोन घनमीटरांहून जास्त पेंढा. नीट आवळला असेल तर कोरड्यातही त्याचं वजन ३०० किलोच्या घरात जातं. तो लोखंडी भाल्यावर टोचून ट्रॅक्टरच्या मागे उचलतात. लिफ्ट सहज उचलते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण लिफ्टला किती उचलता येतं आणि ट्रॅक्टरला किती पेलतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

चिऱ्याखाली पहार घालून तो उचलताना आपण काय करतो? पहारीखाली दगडाचा टेकू देतो आणि लांब टोकावर भार टाकतो. ट्रॅक्टरमध्ये तो टेकू म्हणजे मागच्या चाकांचा आस. गठ्ठा मागच्या टोकावर, आणि वर उचलली जातात ती पुढची चाकं. आकडे घालून बघू. अशा ट्रॅक्टरचं वजन साधारण १,८०० किलो, त्यातलं ७०० किलो पुढच्या चाकांवर. दोन्ही आसांमधलं अंतर १.९ मीटर. भाल्यावरच्या गठ्ठ्याचा मध्य मागच्या आसापासून दीड मीटर मागे. ३०० गुणिले १.५ भागिले १.९ म्हणजे सुमारे २३७. तेवढे किलो पुढच्या चाकांवरून उतरतात आणि ४६३ उरतात. ट्रॅक्टर हवा तसा वळायचा तर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर हवा, असा नियम आहे. इथे तो ३६० किलो येतो. म्हणजे कोरडा गठ्ठा चालतो.

आता भिजलेला गठ्ठा घेऊ. ३०० किलोच्या कोरड्या गठ्ठ्यात १५ टक्के पाणी धरलं, तर निव्वळ पेंढा २५५ किलो. पाणी ४० टक्क्यांवर गेलं की तोच गठ्ठा ४२५ किलोंचा होतो. आकार तोच, रंग जरा काळपट, बाहेरून दुसरं काही कळत नाही. पुढच्या चाकांवर मात्र आता ३६५ किलो उरतात. सपाट जमिनीवर उभ्या ट्रॅक्टरचा हा आकडा, आणि तो अगदी काठावरचा. चाक खड्ड्यात आपटलं, गठ्ठा हिंदकळला, की काठ ओलांडलाच. काकांना जो हलकेपणा सुखाचा वाटला, तो हाच. चाकांखालची जमीन सुटत चालली होती. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत घातक वाटते, की इथे धोका आरामासारखा भासतो.

त्यात आपली जमीन. गोव्याची भातशेती खाजन, खेर आणि मोरड अशा तीन तऱ्हांची. मोरड चढावर, खेर मधल्या पातळीवर, खाजन भरतीच्या पाण्यापासून बांधांनी राखलेलं. दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या वाटेवर पुढच्या चाकांवरचं आणखी ऐंशीएक किलो वजन मागे सरकतं. काकांच्या गठ्ठ्यासह तिथे २८० च्या आसपासच उरलं असतं. म्हणून मागे भार असेल तर चढ उलट्या गिअरने चढायचा आणि उतार सरळ उतरायचा. दोन्ही वेळा गठ्ठा चढाच्या बाजूला राहतो. उतरताना सुरुवातीलाच खालचा गिअर टाकायचा, मधेच क्लच दाबायचा नाही. डाव्या-उजव्या चाकांच्या ब्रेकची दोन्ही पेडलं कडीने जोडलेली आहेत ना, हे निघण्यापूर्वी बघायचं. गठ्ठा जमिनीपासून वीतभरच वर ठेवायचा.

खाजनातला चिखल वेगळ्या प्रकारे घात करतो. मागची चाकं रुतली आणि क्लच झटकन सोडला, तर इंजिनाला चाकं फिरवता येत नाहीत. मग ते ट्रॅक्टरचं धूडच आसाभोवती फिरवतं. पुढची चाकं उठल्यापासून ती पुन्हा खाली आणण्याची वेळ टळायला सुमारे पाऊण सेकंद लागतो, आणि माणसाचा पाय क्लचपर्यंत पोचायलाही जवळपास तेवढाच. १९१७ पासून बनू लागलेला फोर्डसन ट्रॅक्टर असा मागे उलटण्यासाठी बदनाम होता. हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ मध्ये पेटंट घेतलेल्या जोडणीने अवजार ट्रॅक्टरचाच भाग बनवलं आणि नांगराची ओढ पुढची चाकं जमिनीवर दाबू लागली. आजची तीन सांध्यांची लिफ्ट त्याच कल्पनेची. पण ती ओढीची सोय आहे. हवेत लटकवलेल्या गठ्ठ्याला तिचा उपयोग नाही. काही जण गठ्ठा साखळीने ओढतात. ती साखळी आसाच्या खाली असलेल्या ओढायच्या दांड्यालाच, म्हणजे ड्रॉबारलाच बांधावी. आसाच्या वर बांधली तर ती ट्रॅक्टरला मागे उलटवायलाच मदत करते.

जुन्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती संरक्षक चौकट नसते. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना ती १९५९ मध्ये सक्तीची केली. चौकट बसवली तर पट्टा बांधलाच पाहिजे, आणि चौकट नसेल तर पट्टा मुळीच बांधू नये, नाहीतर उलटलेल्या ट्रॅक्टरखाली माणूस अडकतो.

पुढच्या लोडरने, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या लोखंडी हातांनी, गठ्ठा उचलणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पुढे भार आला की मागची चाकं हलकी होतात, आणि जुन्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात. शिवाय नुसत्या बकेटवर ठेवलेला गठ्ठा उंच उचलला की लोडरच्या हातांवरून घरंगळत थेट चालकावर येतो. भाला किंवा पकड असल्याशिवाय हे करूच नये.

खाली उतरवलेला गठ्ठाही निमूट पडून राहील असं नाही. भरीव लाटणं उतारावरून सोडलं तर पाच मीटर उंची खाली येईपर्यंत त्याचा वेग, अडथळा नसेल तर, ताशी २९ किलोमीटर होतो. वजन कितीही असो, वेग तोच. सप्टेंबर २०१० मध्ये इंग्लंडच्या डेव्हनमध्ये सुमारे ६०० किलोचा असा गठ्ठा टेकडीवरून घरंगळला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवर आदळला. आत 'इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा' या ब्रिटिश रॉक बँडचे माजी चेलोवादक माइक एडवर्ड्स होते. ते जागीच गेले. गठ्ठा ठेवताना त्याच्या सपाट बाजू उताराच्या वर-खाली हव्यात. गोल बाजू उताराकडे तोंड करून असली की तो निघालाच समजा.

काकांनी तो गठ्ठा तिथेच उतरवला आणि खाली दोन चिरे लावले. पुढच्या रविवारी त्यांनी ट्रॅक्टरच्या नाकावर १०० किलोंची लोखंडी वजनं बसवून घेतली. पुढच्या आसापासून ६० सेंटीमीटर पुढे असल्याने त्यांचा दाब चाकांवर १३० किलोंचा पडतो. भिजलेल्या पेंढ्याला मग त्यांनी पंधरा दिवस ऊन दिलं. आता गोठ्याजवळच्या वळणावर त्यांना पुन्हा दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो.