एमजीबीला टोबार? खुशाल लावा

‘एमजीबीला वेगळी चॅसिस नाही, टोबार लावला तर मागचा पत्राच उपटून येईल.’ एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, टोबार म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा दांडा. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. पहिलं वाक्य खरं, दुसरं नाही. १९६२ ते १९८० दरम्यान बनलेली ही गाडी मोनोकॉक आहे, म्हणजे तिची पत्र्याची बॉडीच चॅसिसचं काम करते. पण आज ट्रेलर ओढणाऱ्या बहुतेक मोटारीही तशाच असतात.

प्रश्न ताण कुठे जातो याचा. नुसत्या डिकीच्या पत्र्यात बोल्ट मारले तर पत्रा फाटणारच. टोबारचा ब्रॅकेट खालच्या मजबूत भागांना धरून, आतून जाड पट्ट्या देऊन बसवावा. आधी गंज तपासा. आणि ड्रिल जपून: डिकीखाली पेट्रोलची टाकी लटकते!

१७९८ सीसीचं इंजिन हलका ट्रेलर आरामात ओढतं. मर्यादा ब्रिटिश कायद्याची आहे: बिनब्रेकचा ट्रेलर मालासकट गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून जड नको, म्हणजे इथे साधारण साडेचारशे किलो.

खरी डोकेदुखी वायरिंगची. ट्रेलरच्या जादा बल्बमुळे जुन्या फ्लॅशरची (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाची) लय बिघडते. १९६७ पूर्वीच्या गाड्या मुळात पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या. त्यांना आजचा इलेक्ट्रॉनिक रिले (ट्रेलरचे दिवे चालवणारा स्विच) तसाच जोडला, तर तो गेलाच म्हणून समजा.