घरगुती आर्केड कंट्रोल पॅनेल : भागांची निवड आणि वायरिंग

आर्केड यंत्राचा जो भाग खेळणाऱ्याच्या हाताखाली येतो, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणे बसवलेली फळी, ती घरी बनवून संगणकाला किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डाला जोडता येते. १९९७ मध्ये मेम हे एम्युलेटर (जुन्या यंत्रांची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) आले, जुने खेळ साध्या संगणकावर चालू लागले आणि असे पॅनेल स्वतः बनवण्याचा छंद रुजला.

विजेच्या अंगाने हे काम सोपे आहे. पॅनेलवरचे प्रत्येक बटण म्हणजे एक स्विच. दाबले की एन्कोडर बोर्डाची (बटणांचे दाब संगणकाला कळवणाऱ्या बोर्डाची) एक पिन ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या सामाईक वायरीला) जोडली जाते, सोडले की तुटते. मोकळी पिन बोर्डातला पुल-अप रेझिस्टर वरच्या व्होल्टेजला धरून ठेवतो. त्यामुळे साध्या बटणाच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या तरी बिघडत नाही. पॅनेल रखडते ते बहुतेकदा फळीची जाडी, टर्मिनलचे (वायरीच्या टोकाला लावायच्या धातूच्या जोडाचे) माप आणि सैल क्रिम्प (टर्मिनल वायरीवर दाबून घेतलेली पकड) यांपायी.

भागांची निवड

आधी कोणते खेळ खेळायचे ते ठरवावे. १९८५ च्या जामा या आर्केड यंत्रांच्या ठरीव जोडणीत दर खेळाडूमागे तीन बटणांची सोय होती. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ ला सहा लागतात. दोघांसाठी सहा-सहा बटणांचे पॅनेल धरले तर स्टिकच्या दिशा ८, बटणे १२, स्टार्ट २, कॉइन (नाणे टाकल्याची खूण) २ आणि खेळातून बाहेर पडायला १, असे २५ इनपुट होतात. त्याहून जास्त बटणे लावण्याचा मोह टाळलेला बरा. गर्दीच्या पॅनेलवर बोटे चुकतात.

जॉयस्टिकचे ढोबळ दोन प्रकार आहेत. सान्वा जेएलएफसारख्या जपानी स्टिकला गोल मूठ असते, दांडा हलका फिरतो. हॅपच्या अमेरिकी स्टिकची मूठ लांबट, स्प्रिंग कडक आणि बांधणी जाड लाकडी फळीसाठी असते. स्टिकच्या तळाशी असलेली गेट नावाची चकती दांड्याची हालचाल अडवते. चौकोनी गेटमध्ये तिरक्या दिशा कोपऱ्यात नेमक्या सापडतात, अष्टकोनीमध्ये आठही दिशांना खाच जाणवते. पॅकमॅन (१९८०) किंवा डाँकी काँग (१९८१) हे चार दिशांचे खेळ आहेत. आठ दिशांच्या स्टिकवर ते खेळताना वळणावर दोन स्विच एकदम दबतात आणि पात्र अडखळते. अशा खेळांसाठी गेट चार दिशांवर फिरवता येणारी स्टिक घ्यावी.

बटणांत जपानी ३० मिमीची, तर अमेरिकी साधारण २८ मिमीच्या भोकात बसणारी असतात; स्टार्टसाठी २४ मिमीचीही मिळतात. खटक्याने बसणारी बटणे पातळ पत्र्यासाठी किंवा ॲक्रिलिकसाठी असतात. १८ मिमीच्या एमडीएफमध्ये त्यांचे पंख पकड घेत नाहीत, तिथे नटाची बटणे लागतात. त्यांचेही आटे फळीपलीकडे पुरेसे उरतात का, हे भोक पाडण्याआधी मोजावे.

एन्कोडरमध्ये स्वस्त यूएसबी बोर्ड एका खेळाडूपुरते असतात आणि संगणकाला गेमपॅड म्हणून दिसतात. आय-पॅक हा एन्कोडर कीबोर्ड म्हणून दिसतो आणि मेमच्या मूळ कळाच पाठवतो : पहिल्या खेळाडूला बाण, डावा कंट्रोल, डावा ऑल्ट, स्पेस, कॉइनला ५, स्टार्टला १. स्वतः फर्मवेअर (बोर्डाच्या आतला प्रोग्राम) चढवायची तयारी असेल तर रास्पबेरी पाय पिको किंवा अर्डुइनो प्रो मायक्रो हा छोटा बोर्ड पुरतो. जुन्या कीबोर्डचा बोर्ड काढून वापरण्याची युक्ती मात्र सोडून द्यावी. त्याच्या कळा जाळीत जोडलेल्या असतात, सामाईक ग्राउंड नसतो आणि तीन कळा एकदम दाबल्या की न दाबलेली चौथीही उमटू शकते.

फळी

३० मिमीच्या बटणांची केंद्रे सुमारे ३६ मिमी अंतरावर ठेवतात. आराखडा आधी पुठ्ठ्यावर कापून दोघांनी हात ठेवून पाहावा. भोके फोर्स्टनर बिटने (मोठे, स्वच्छ भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) पाडावीत आणि खाली टाकाऊ लाकूड घट्ट आवळावे, नाहीतर बिट बाहेर पडताना कडा उडते. ॲक्रिलिक दोन लाकडांच्या मध्ये दाबून कमी वेगाने कापावे. जपानी स्टिक जाड फळीला खालून तशीच लावली तर दांडा वर फारच थोडा उरतो. म्हणून तेवढ्या जागेची जाडी राउटरने (लाकूड कोरण्याच्या यंत्राने) खालून कमी करावी लागते.

वायरिंग

०.२ ते ०.३ चौ. मिमीची मल्टिस्ट्रँड वायर पुरते. एकाच तारेची वायर वाकवताना टर्मिनलपाशी तुटते. सान्वाच्या बटणांचे टॅब (टर्मिनल बसवायच्या पात्या) २.८ मिमीचे, हॅपच्या मायक्रोस्विचचे (बटणाखालच्या छोट्या स्विचचे) ४.८ मिमीचे असतात, ६.३ मिमीचेही स्विच मिळतात. टॅब व्हर्नियरने मोजूनच टर्मिनल मागवावेत आणि वाया जाणारे धरून पाव हिस्सा जास्त घ्यावेत. थेट टॅबवर सोल्डर केल्यास उष्णतेने प्लास्टिक मऊ पडून स्विचचा संपर्क हलतो, शिवाय पुढे स्विच बदलणेही कटकटीचे होते.

वायरीचे ५-६ मिमी आवरण सोलावे. क्रिम्पची पुढची पकड तांब्यावर आणि मागची आवरणावर आली पाहिजे. मग टर्मिनल धरून वायर ओढून पाहावी. हाताने सुटली तर ती जोडणी आज ना उद्या खेळताना सुटणारच.

मायक्रोस्विचला सीओएम (सामाईक), एनओ (एरवी तुटलेला) आणि एनसी (एरवी जोडलेला) असे तीन टॅब असतात. ग्राउंड सीओएमला, एन्कोडरची वायर एनओला. एनसीला लावली तर बटण कायम दाबलेले दिसते आणि दाबल्यावर सुटते. ग्राउंड प्रत्येक बटणापर्यंत वेगळा नेत नाहीत. एका सीओएमवरून दुसऱ्यावर अशी माळ करतात. माळेची दोन्ही टोके एन्कोडरला आणली तर मध्ये एक जोड निखळला तरी सर्व बटणे चालतात. एकच टोक जोडलेले असेल तर निखळलेल्या जोडाच्या पुढची सगळी बटणे एकदम मरतात. बिघाड पहिल्या मेलेल्या बटणाशी किंवा त्याच्या आधीच्या जोडात शोधावा.

स्टिकमध्ये नवखे हमखास फसतात. दांडा मध्यावर टेकलेला असल्याने मूठ वर ढकलली की खालचे टोक उलट सरकते आणि खालच्या बाजूचा स्विच दबतो. म्हणजे ‘वर’ची वायर खालच्या स्विचला. जेएलएफमध्ये पाच पिनांचा एकच कनेक्टर असतो, त्यात एक ग्राउंड आणि चार दिशा. स्टिक ९० अंशांत फिरवून बसवली तर दिशाही फिरतात.

दिव्याच्या बटणांना स्विचचे दोन आणि दिव्याचे दोन टॅब असतात. दिवा ५ व्होल्टचा की १२ चा, हे तपासावे. दिव्याची ५ व्होल्टची वायर चुकून पिकोच्या इनपुटला लागली तर पिन जळू शकते, कारण ती ३.३ व्होल्टची आहे. २० मिलिअँपिअरचे २० दिवे ४०० मिलिअँपिअर घेतात. यूएसबी २ पोर्टची मर्यादा ५०० आहे, म्हणजे फारसे काही उरत नाही, तेव्हा दिव्यांना वेगळा पुरवठा द्यावा.

तपासणी आणि बिघाड

एन्कोडर लावण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक स्विच दाबून पाहावा. नंतर विंडोजमध्ये जॉय.सीपीएल, लिनक्समध्ये जेएसटेस्ट हे गेमपॅड तपासण्याचे प्रोग्राम वापरावेत. कीबोर्डासारख्या एन्कोडरला साधा टेक्स्ट एडिटर पुरतो. एका दाबात दोनदा नोंद होत असेल तर फर्मवेअरमधला डिबाउन्सचा (स्विचची थरथर मोजायची नाही तो) काळ वाढवावा. सहसा ५ मिलिसेकंद पुरतात. त्यानेही थांबले नाही तर स्विच झिजला आहे. शिफ्टची कळ बटणाला दिलेली असल्यास विंडोजचे स्टिकी कीज बंद करावे, नाहीतर पाचव्या दाबाला ऐन खेळात चौकट उघडते. दोन सारखेच यूएसबी एन्कोडर लावल्यास संगणक पुन्हा सुरू केल्यावर पहिला आणि दुसरा खेळाडू अदलाबदल होऊ शकतात. त्यावर दोघांचे इनपुट पुरतील असा एकच एन्कोडर घेणे हा सर्वांत कमी डोकेदुखीचा उपाय.