कृष्णाकाठचा लेआउट: नकाशावर नसलेल्या दोन रेघा

नदीकाठच्या लेआउटची, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या आराखड्याची, मंजुरीसाठी दिलेली फाइल परत आली की लोक सातबारा चाळत बसतात. सातबारा ठीकच असतो. नकाशावर दोन रेघा नसतात: एक पूररेषेची, दुसरी नदीकडे जाणाऱ्या वाटेची.

सातबारा, फेरफार, झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी राखलेल्या पट्ट्यात येते त्याचा), मोजणीची 'क' प्रत (मोजणी नकाशा) हे सगळं आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता बीपीएमएसवर, म्हणजे बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन प्रणालीवर, चढवतो. तिथे अडण्यासारखं काही नाही.

आता पूररेषा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र: बाग, पार्किंग, मोकळी जागा चालते, नवं घर नाही. निळ्या आणि लाल रेषेमध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर वर हवं. हे माप रस्त्यापासून धरलं की फाइल परत आलीच म्हणून समजा. विकासयोग्य झोनमधल्या प्लॉटचा निळ्या रेषेतला भाग असेल, तर त्याचा एफएसआय (जागेच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम क्षेत्र) उरलेल्या जागेवर मिळू शकतो. म्हणून ते क्षेत्र लपवण्यात शहाणपण नाही.

खरा घोळ पुढे आहे. पाटबंधारे विभागाच्या नकाशावर रेषा तुमच्या गटातून जाताना दिसते, पण गटातले किती गुंठे आत गेले ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीला जोडलेला कंटूर सर्व्हे (जमिनीच्या चढउताराची मोजणी) करून रेषा मोजणी नकाशावर उतरवावी लागते. हा कागद कुणाकडेच तयार नसतो आणि तो आणायला कुणी आधी सांगतही नाही. '2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं, आमची जागा त्याच्या वर आहे' हा युक्तिवाद चालत नाही. आयर्विनचे फूट पुलावरच्या मोजपट्टीचे, लाल रेषा मीटरमध्ये आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी.

दुसरी रेघ वाटेची. घाटाकडे, पाणवठ्याकडे जाणारी पाणंद सातबाऱ्यावर सापडेलच असं नाही, म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढा. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, साधारण सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते 21 फूट. जमीन महसूल संहितेच्या कलम 20 नुसार सार्वजनिक वाटा आणि नदीचं पात्र शासनाचं. अशी वाट प्लॉटच्या क्षेत्रात मोजता येत नाही, तिच्यावर गेट लावून वॉचमन बसवता येत नाही. ती खरोखरच नको असेल तर कलम 21 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जा; तिथे जाहीर नोटीस निघते, गावाला हरकत घेता येते. 'लेआउटमधली 10 टक्के मोकळी जागा नदीकडेच सोडली आहे की!' हेही उत्तर नव्हे. मोकळी जागा प्लॉटधारकांची, वाट गावाची.

मुदतींचे गैरसमज तर विचारू नका. 60 दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं, हे अर्धंच खरं. त्रुटीपत्र (फाइलमधल्या उणिवा कळवणारं पत्र) आलं असेल तर दिवस तुमच्या उत्तरापासून मोजतात, आणि प्रस्ताव नियमात तंतोतंत बसत असेल तरच ही सवलत. निषिद्ध क्षेत्रात घर दाखवून 61 व्या दिवशी पाया खणणाऱ्याला ती नाही. नकार मिळाला तर अपील 40 दिवसांत. त्रुटीपत्राला तीन ओळींचं का होईना, लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. कार्यालयातल्या तोंडी 'बघतो'ला तारीख नसते.

कुणी वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बैठका, निवेदनं यात ते महिने सरतात. पत्र्याचं कुंपण उभं राहिलं त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा आणि गाव नकाशाच्या प्रतीसाठी अर्ज टाका.